टेकूंऐवजी अक्षता

गाडी उचलायचं यंत्र घेऊ या, असं ह्यांनी जाहीर केलं तेव्हा मी मटार सोलत होते. मी म्हटलं, "आधी जेवलेलं ताट उचला." ह्यांनी ते मुकाट्याने उचललं, बेसिनमध्ये ठेवलं आणि परत येऊन तेच वाक्य पुन्हा म्हटलं. ताट उचलून झाल्यावरही माणूस आपल्या म्हणण्यावर कायम आहे म्हटल्यावर मला प्रकरण गंभीर आहे हे कळलं.

ह्यांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली. छत्तीस वर्षं यंत्रांची चित्रं काढली, पण हाताला वंगणाचा ठिपका म्हणून लागला नाही. पेन्सिलीने बोटं काळी व्हायची तेवढीच, आणि कॉम्प्युटर आल्यावर तीही गोरी झाली. निवृत्त झाल्यावर ह्यांना साक्षात्कार झाला, की आपण बारा वर्षं गाडी नुसती वरून वापरली, ती खालून पाहिलीच नाही. आमची गाडी छोटी, पांढरी, चारचौघींसारखी. तिच्यात खालून पाहण्यासारखं काय आहे ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण आता ऑइल स्वतः बदलायचं, सायलेन्सरचे नट स्वतः आवळायचे, असा बेत ठरला होता.

मला त्या यंत्राचा राग नव्हता. मला भीती होती, आणि ती एकच होती. हा माणूस गाडीखाली जाईल आणि गाडी खाली येईल. हे मी पहिल्याच दिवशी सरळ सांगून टाकलं. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला, "त्यासाठीच तर नीट निवड करायची," असं म्हणाले आणि वहीचं कोरं पान उघडलं.

आमचं लग्न दोन भेटींत ठरलं होतं. गाडी उचलायच्या ह्या यंत्राला, म्हणजे लिफ्टला, चार महिने लागले. वहीत रकाने पडले. वजन किती पेलणार, गाडी किती वर जाणार, मिटल्यावर यंत्राची जाडी किती, म्हणजे आमच्या बुटक्या गाडीच्या पोटाखाली ते शिरेल की नाही. मग हे टेप घेऊन पार्किंगमध्ये गेले आणि वरच्या तुळईपर्यंतचं अंतर मोजून आले, कारण गाडी वर गेली आणि तिचं टपच तुळईला लागलं तर? त्यानंतर फरशी. बिबवेवाडीतली आमची सोसायटी जुनी, पार्किंगच्या फरश्या मातीच्या भरावावर बसवलेल्या. हे दोन दिवस खाली उकिडवे बसून एकेक फरशी बोटांच्या पेरांनी ठोकत होते. कलिंगड घेताना ठोकतात तसं. पोकळ वाजणाऱ्या फरशीवर खडूने फुली. मग तांब्याभर पाणी ओतून ते कुठे वाहतं ते पाहिलं. पाणी समोरच्यांच्या स्कूटरकडे गेलं आणि त्यावरून जे बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे परवानगीचा अर्ज गेला, सोबत तीन बाजूंनी काढलेलं ड्रॉइंग. सेक्रेटरींचं उत्तर दोन ओळींत आलं. "पार्किंगमध्ये गाडी लावण्यास सभासदास हक्क आहे. जमिनीपासून किती उंचीवर लावावी याबाबत नियमावलीत उल्लेख नाही." हे उत्तर ह्यांनी परवानगी म्हणून फाइलला लावलं. मला ते तसं वाटलं नव्हतं, पण नाही म्हणायलाही त्यात काही सापडेना.

शेवटी आम्ही नाना पेठेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार खुर्चीत बसून कसलीशी पावती वाचत होते. ह्यांनी वही उघडली आणि विचारलं, "हे किती वजन उचलतं?"

"वर लिहिलंय."

"दोन हजार किलो. आमची गाडी नऊशेची आहे."

"मग तुम्ही आत बसलात तरी चालेल."

ह्यांना टोमणा कळला नाही. किंवा कळला असेल, पण अजून अकरा प्रश्न शिल्लक होते. सगळ्यांची उत्तरं एकेका शब्दात मिळाली. मग दोन मॉडेलं समोर आली. एक हलकं आणि सुटसुटीत. दुसरं तसंच, पण त्याच्यासोबत दोन लोखंडी टेकू. हे पहिल्याकडे झुकताहेत असं दिसताच दुकानदारांनी प्रथमच पावतीवरून मान वर केली. "टेकू नसलेलं न्यायचं असेल तर आधी बाईंना विचारा," ते म्हणाले.

"टेकूवालंच," मी म्हटलं. चार महिन्यांच्या अभ्यासात माझा वाटा एवढ्या एका शब्दाचा.

यंत्र म्हणजे दोन लांबट लोखंडी चौकटी. एक गाडीच्या डाव्या कडेखाली सरकवायची, एक उजव्या. त्यांना तेलाच्या नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाला हातपंप. पंपाचा दांडा खालीवर करत राहिलं की चौकटी हळूहळू उभ्या राहतात आणि गाडी मांडीएवढी उचलली जाते. मग प्रत्येक चौकटीत एक टेकू अडकवायचा. लाटण्याहून जाड, हातभर लांब, त्याला दोन खाचा, एक वरच्या उंचीची आणि एक खालच्या. टेकू बसले की पंपाची कळ थोडी सैल करायची, म्हणजे गाडीचं वजन तेलावरून निघून टेकूंवर येतं. यातलं महत्त्वाचं काय ते मला ह्यांच्या वहीने शिकवलं नाही. ते शिकवलं चौकातल्या मेकॅनिकने. हे गृहस्थ मूळचे अमरावतीकडचे, दहा वर्षं आमची गाडी त्यांच्याकडेच असायची. आपलं गिऱ्हाईक जातंय हे दिसत असूनही ते मुद्दाम यंत्र पाहायला आले, पंपावर हात ठेवून म्हणाले, "काका, हे गाडी उचलते. धरते मात्र टेकू. तेलाचा काय भरोसा? आत रबर आहे, कधी फाटेल सांगता येत नाही. एवढं ध्यानात ठेवजा." मग माझ्याकडे वळून, "काकू, तुम्ही बी ठेवजा."

ह्यांनी ते ध्यानात ठेवलं, म्हणजे यादीत लिहिलं. यादी प्लास्टिकमध्ये घालून पार्किंगच्या खांबाला चिकटवली गेली. ती वाचायचं काम माझ्याकडे. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत हजेरी घेतलेली, त्यामुळे हे काम मला बरं जमे. मी प्लास्टिकच्या खुर्चीत भाजीचं ताट घेऊन बसायची आणि पुकारायची.

"हँडब्रेक?"

"ओढला."

"चाकांना लाकडी ठोकळे?"

"लावले."

"चौकटी जाड कडेखाली आहेत?"

"आहेत."

"टेकू?"

"दोन्ही."

"वजन टेकूंवर?"

"आलं."

"हलवून पाहिलंत?"

यावर हे गाडीला हाताने जोराचा धक्का देत. गाडी जागची हलत नसे. मगच जुना बनियन घातलेली ही स्वारी चटईवर पाठ टेकून आत सरकायची. आत गेल्यावर ह्यांना कंठ फुटायचा. घरात दिवसभरात चार वाक्यं बोलणारा माणूस गाडीखालून अर्धा अर्धा तास बोले. कारखान्यातल्या गोष्टी, ह्यांच्या लहानपणीच्या गोष्टी, एकदा तर आमच्या लग्नात माझ्या काकांनी ह्यांना काय ऐकवलं होतं तेही. मला नुसते दोन पाय दिसायचे आणि आवाज यायचा. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. पुढच्या खेपेला गवार मी मुद्दाम जास्त आणायची, निवडायला वेळ लागावा म्हणून.

असं सहा महिने चाललं. मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला पाटावर सगळी हत्यारं मांडतात. विळी, कात्री, सुऱ्या, माझं शिवणयंत्र बाजूला, ह्यांचे पाने आणि पक्कड. यंदा लिफ्टचीही पूजा करायची असं ह्यांनी ठरवलं. पण त्या चौकटी पहिल्या मजल्यावर आणायच्या म्हणजे चार माणसं लागली असती, आणि मी तेलकट लोखंड देवासमोर येऊ देणार नाही हेही नक्की होतं. म्हणून प्रतिनिधी म्हणून टेकू आले. मी ते स्वच्छ पुसले, हळदकुंकू लावलं, दोघांना झेंडूची एकेक माळ. पूजेत बसलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, उचलायचंसुद्धा नाही. माझ्या सासूबाईंचा हा नियम. त्यांच्या मागे तो मी त्यांच्यापेक्षा जास्त कडकपणे पाळते. त्या दिवशी आमच्या घरात भाजीसुद्धा चिरत नाहीत. वांगी आदल्या रात्रीच चिरून ठेवली जातात आणि सकाळी काळी पडतात, पण नियम म्हणजे नियम.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी गाडीची पूजा करून आम्ही मुलीकडे साताऱ्याला जाणार होतो. म्हणून जेवण झाल्यावर हे गाडी धुवायला खाली गेले आणि पाच मिनिटांत परत आले. गाडीखाली तेलाचा डाग होता.

"टेकू दे," हे म्हणाले.

"पूजेत आहेत."

"अगं, घाटातून जायचंय उद्या. नुसतं बघायचंय. काही उघडायचं नाही, आवळायचं नाही. बॅटरी घेऊन दहा मिनिटं."

"उद्या सकाळी बघा."

"सकाळी मेकॅनिकचं दुकान बंद. काही निघालं तर आज कळायला हवं."

"पूजेतलं उठवायचं नाही," मी म्हटलं. माझ्या त्या आवाजापुढे चाळीस मुलांचा वर्ग गप्प बसत असे. ह्यांनी पाटाकडे एकवार पाहिलं. मग म्हणाले, "बरं. टेकूंची पूजा झालीय. लिफ्टची झालेली नाही. म्हणजे लिफ्टला सुट्टी नाही." या युक्तिवादात मला खोट सापडेना. आणि ह्यांचं तर्कट पुढे कुठे जातं ते पाहायलाही मी ताट घेऊन मागोमाग खाली गेले.

सोसायटीच्या रस्त्याला बसवून उरलेले पेव्हर ब्लॉक भिंतीशी रचलेले होते. गाडी वर गेल्यावर ह्यांनी त्यातले चार चार ब्लॉक दोन्ही चौकटींच्या उचललेल्या भागाखाली रचले. पाहायला फार नीटनेटकं दिसत होतं, ड्रॉइंगमध्ये काढावं तसं. मी यादी वाचायला घेतली. हँडब्रेक, ठोकळे, चौकटी. मग मी म्हटलं, "टेकू?"

आमच्या घरी पूजेला येणारे गुरुजी फार व्यवहारी आहेत. देवाला वस्त्र वाहायची वेळ आली आणि वस्त्र नसलं की ते न थांबता "वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि" म्हणतात आणि आपण चार तांदूळ वाहतो. अलंकार नाहीत, अक्षता. छत्र नाही, चामर नाही, अक्षता. आमची निम्मी पूजा तांदळावर निभावते आणि देवाने आजवर तक्रार केलेली नाही.

तर मी "टेकू?" म्हटल्यावर हे झब्ब्याच्या बाह्या सावरत उभे राहिले, उजवा हात पुढे केला आणि हुबेहूब गुरुजींच्या नाकातल्या आवाजात म्हणाले, "टेकूंच्या अर्थे अक्षतान् समर्पयामि." आणि चिमूटभर हवा पेव्हर ब्लॉकवर वाहिली.

मी हसले. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. चौतीस वर्षांत ह्यांनी केलेले विनोद एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातला हा खरोखर चांगला होता. वर्गात एकाच्या नावाला दुसऱ्याने "हजर" म्हटलं तर मी फळ्याकडे तोंड असतानाही पकडायची. इथे माझ्या डोळ्यांसमोर टेकूंची हजेरी ब्लॉकनी लावली आणि मी हसत बसले. हसण्याच्या भरात पुढचं "वजन टेकूंवर?" मी वाचलंच नाही. वाचून उपयोगही नव्हता, वजन सगळं तेलावरच होतं. हे माझ्याकडे एकवार बघून खूश झाले आणि सणाच्या झब्ब्यातच आत सरकले.

दोन-तीन मिनिटं गेली असतील. "अगं, डाग आपला नाहीच, एसीचं पाणी आणि जुनं वंगण आहे," असं हे खालून म्हणाले, आणि त्याच वेळी पंपाजवळ फस्स करून तेल उडालं. मग कडाड असा आवाज. डावीकडचा वरचा ब्लॉक मधोमध फुटला आणि गाडीची डावी बाजू चार बोटं खाली बसली.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. ह्यांचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "मी ठीक आहे. पंपाला हात लावू नकोस." मी म्हटलं, बाहेर या, बाहेर या. "बाही अडकलीय सायलेन्सरपाशी. ओढली तर गाडी हलेल. टेकू आण."

दुपारची वेळ, पुरण जेवून सगळी सोसायटी आडवी झालेली. हाका मारायलाही मी थांबले नाही. सतरा पायऱ्या आहेत आमच्या घरापर्यंत. गुडघ्यांमुळे त्या मी एरवी कठड्याला धरून चढते. त्या दिवशी कशा चढले ते गुडघ्यांनाच ठाऊक. पाटावरचे दोन्ही टेकू उचलले तेव्हा समई कलंडली, विळी खाली पडली. पूजेतलं उठवू नये हे त्या क्षणी मनात आलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. सासूबाई समोर उभ्या असत्या तर मी त्यांनाही बाजूला सारलं असतं.

मी खाली आले. पहिला टेकू दोनदा फरशीवर पडला. आतून ह्यांचा आवाज येत होता, संथ, एकेक शब्द सुटा. "उजवीकडे आधी. वरच्या खाचेत. बसला? आता डावीकडे ये. इथे खालच्या खाचेत. फुटलेल्या ब्लॉकला धक्का लावू नकोस. माळ काढ आधी, माळ मधे येतेय." मी झेंडूची माळ तोडून फेकली. टेकू खाचेत बसल्याचा खट्ट असा आवाज आला. "आता गाडीला हात लाव. हलते का बघ." मी सगळा जोर लावला. गाडी हलली नाही.

मग टर्रकन झब्बा फाटला आणि हे पुढच्या बाजूने बाहेर आले. आधी पाय, मग पोट, मग चेहरा. चेहरा पांढराफटक, आणि कपाळाला, गालाला काळं वंगण. इतक्या वर्षांनी तोंडापर्यंत पोचलं एकदाचं. मी हे म्हणणार होते. तोंड उघडलं आणि रडूच आलं. आम्ही दोघंही तिथेच, खडूच्या पुसट झालेल्या फुल्यांवर, फतकल मारून बसलो. हे माझी पाठ थोपटत होते.

रडून झालं. मी म्हटलं, "यादी तुम्ही केलीत. प्रत्येक ओळ तुमच्या हाताची. टेकूंशिवाय खाली जायचं नाही हे तुम्ही लिहिलंत. मग गेलात कसे?"

हे फाटकी बाही चाचपत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं तू ओरडशील."

"म्हणजे?"

"ब्लॉक रचताना मी वाटच बघत होतो. तू ओरडली असतीस तर मी काढून ठेवले असते. तू ओरडली नाहीस. हसलीस." बाहीकडेच बघत म्हणाले, "म्हटलं, ही हसतेय म्हणजे चालत असेल."

चौतीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते की हा माणूस माझं एक अक्षर ऐकत नाही. सगळं ऐकत होता. त्या दुपारी मीच काही बोलले नव्हते.